नजरचुकीने नव्हे

रामकिसनने माझा खुलासा आधीच लिहून आणला होता. आमच्या बियाण्यांच्या कंपनीत तो तेवीस वर्षं कारकून होता. कुणाला कारणे दाखवा नोटीस निघाली की नोटिशीसोबत तिच्या उत्तराचा मसुदाही तोच हातात ठेवायचा. त्याने दोघांचाही वेळ वाचतो, असं त्याचं म्हणणं.

"वाचायचं काम न्हाई, मॅडम. सही ठोका. मागचंच हाये."

मागचंच होतं. 'सदर प्रकार माझ्याकडून नजरचुकीने घडला असून यापुढे असे पुन्हा होणार नाही, याची मी हमी देते.' खाली माझं नाव, बेबीनंदा रखमाजी उढाण, उगवण विश्लेषक. तारखेची जागा कोरी. याच वाक्याखाली मी याआधी दोनदा सही केली होती, एकदा २००० साली आणि एकदा २००१च्या जूनमध्ये. दोन्ही कागद माझ्या फायलीत होते, आणि दोन्ही वेळा ते पुन्हा झालं होतं.

"रामकिसनभाऊ, यातलं एक वाक्य मला लिहिता येणार नाही."

"कोनतं?"

"पुन्हा होणार नाही, हे."

तो हसला. "हमी पाळायची कोन म्हनून राह्यलं? फायलीला कागद पाहिजे फक्त. गोडाऊनच्या मच्छिंद्रनं असे सात दिलेत. सातवा तर झेरॉक्स होता."

"मच्छिंद्र गोडाऊनमध्येच आहे, त्याला पुढे कुठे पाठवणार? माझी ही तिसरी वेळ आहे. खुलासा पटला नाही तर मला उगवण कक्षातून काढून आवक-जावक रजिस्टरवर बसवतील, असं यात लिहिलंय."

"मंग तर सही कराच. न्हाई तर असं करा, लाइट गेल्ती म्हनून लिहा. लाइट काय, रोजच जाती."

"लाइट गेली असती तर पंखा बंद पडला असता, आणि पंखा बंद पडला असता तर काही वाळलंच नसतं."

"तुमच्यासोबत खोटं बोलनंबी लय अवघड हाये, मॅडम," असं म्हणून त्याने मसुदा टेबलावरच ठेवला आणि तो गेला. उत्तराची मुदत सोमवारपर्यंत होती. तो दिवस गुरुवार होता.

झालं होतं ते असं. सरकीची उगवण तपासताना शंभर बिया ओल्या कागदावर ओळीने मांडतात आणि त्या कागदाची गुंडाळी करतात. अशा चार गुंडाळ्यांचा एक लॉट. त्या पंचवीस अंशांच्या कपाटात उभ्या ठेवायच्या, चौथ्या दिवशी पहिली मोजणी करायची आणि बाराव्या दिवशी शेवटची. मंगळवारी, अकरा फेब्रुवारीला, मंठा तालुक्यातल्या चौदा लॉटची पहिली मोजणी होती. काम लवकर उरकावं म्हणून मी चौदाही लॉट एकदम बाहेर काढून टेबलावर ठेवले. तिसरा लॉट उलगडला होता, तेवढ्यात कार्यालयातून आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख गयासोद्दीन सर यांनी हाक मारली. मंठ्याचा फोन होता. मी फोनवर बोलले. त्यांना हवा असलेला आकडा शेजारच्या खोलीतल्या रजिस्टरमध्ये होता, म्हणून तिकडे गेले. तिथे एका ताटलीत सरकीचं एक रोप दिसलं. त्याला दोनऐवजी तीन बीजपत्रं होती. मी ते सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं आणि त्याचं चित्र काढायला बसले.

चित्र चांगलं आलं. मान वर केली तेव्हा साडेपाच झाले होते. मी पिशवी उचलली आणि घरी गेले.

बुधवारी सकाळी उगवण कक्ष रजियाने उघडला. ती माझ्याहून चार वर्षांनी लहान, बियाण्याची शुद्धता तपासते. रात्रभर पंखा चालू होता आणि छप्पन्न गुंडाळ्या पापडासारख्या कडक झाल्या होत्या. कोंबांची मुळं कागदाला दोऱ्यासारखी चिकटून बसली होती. चौदा शेतकऱ्यांचं बियाणं, ज्याचा निकाल महिनाअखेरच्या आत लागायचा, ते नव्या चाचणीसाठी पुन्हा गोदामात अडकलं.

त्या दुपारी तुम्हाला काही वाटलं कसं नाही, असं मला प्रत्येकाने विचारलं. काहीच वाटलं नव्हतं. विसरलेली गोष्ट आतून टोचत नाही. टोचली असती तर ती विसरलेली नसती. टेबलावर चौदा लॉट आहेत हे मी चित्र काढताना दुर्लक्षिलं नव्हतं. ते त्या वेळी माझ्यासाठी जगात नव्हतेच. दुसऱ्या दिवशी रजियाच्या मागे उभी राहून मी टेबल पाहिलं तेव्हा ते सगळे एकदम परत आले, आणि त्यांच्यासोबत आदला अख्खा दिवस, मिनिटामिनिटाने.

याला नाव आहे, हे मला दीड वर्षापासून माहीत होतं. दुसऱ्या खुलाशानंतर मी औरंगाबादला एका मानसोपचार डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी शाळेपासूनचं सगळं विचारलं. शाळेत गुरुजी म्हणत, पोरगी हुशार, पण ध्यान ठिकाणावर नाही. मी दंगा करत नव्हते. खिडकीशी गप्प बसत होते, म्हणून मला कुणी छडीही मारली नाही आणि काही विचारलंही नाही. डॉक्टर म्हणाल्या, "याला एडीएचडी म्हणतात, लक्षावर ताबा न राहणं. मुलांमध्येच असतं असं लोक धरून चालतात, पण तुमच्यासारख्या शांत मुली मोजणीतून सुटतात." मोठ्या माणसांना औषध देण्याचा अनुभव आपल्याला फारसा नाही, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. आधी नोंदी ठेवा, मग बघू. मी त्या दिवसापासून नोंदी ठेवत होते. कंपनीत मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. डोक्याच्या डॉक्टरकडे गेलेल्या बाईच्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवील, अशी भीती होती.

आता सांगायचं ठरवलं होतं. पण कसं सांगायचं ते जमेना. शुक्रवारी मी दोन पानं लिहिली आणि फाडली. त्यांत मेंदू होता, संशोधन होतं, माझं काम कुठेच नव्हतं. शनिवारी रजियावर प्रयोग केला.

"म्हणजे तुमचं लक्ष लागत नाही," ती म्हणाली.

"लागतं. तीन तास चित्र काढलं ना."

"मग आवडीच्या कामात लागतं, नावडत्यात नाही. असं तर माझंही आहे."

"मोजणी मला नावडती नाही, रजिया. दहा वर्षं करतेय. तुझ्याहून कमी चुकते."

"तेच तर. इतक्या नेटक्या बाईचं हे ऐकून कोण खरं मानेल?"

तिचं बरोबर होतं. माझ्या टेबलावर पेन्सिली लांबीप्रमाणे लावलेल्या असतात. दाराच्या आतल्या बाजूला यादी असते, मनगटावर दोरा असतो, प्रत्येक कपाटावर चिठ्ठी असते. लोकांना वाटतं, स्वभावच टापटिपीचा. माझ्या डोक्यात काही ठेवलं तर ते तिथे सापडेल याची खात्री नसते, म्हणून मी सगळं बाहेर ठेवते. ज्याला दिसत नाही तो माणूस घरातल्या वस्तू जागच्या जागी ठेवतो, तसं.

रविवारी आईला सांगून पाहिलं. माझी आई झुंबरबाई तेव्हा माझ्याजवळच राहत होती. जालन्याच्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत ती भाकरी थापत होती आणि मी गॅसच्या ओट्याजवळ पाट टाकून बसले होते.

"मला नौकरीवरून हलवतील, आई. उगवण कक्षातून."

"मंग चुकलं म्हन. पाया पड. लहानपनापासून अशीच हायेस तू. पान्याला धाडलं तर घागर आडावर ठिवून यायचीस."

"ते मुद्दाम करत नव्हते."

"मुद्दाम न्हाई म्हनूनच मारलं न्हाई. मंग कशानं करायचीस ते तरी सांग. पर मला कळंल असं सांग. डाक्टरचं नको."

मी विचार करत राहिले. घनसावंगीजवळ आमचा ऊस होता. वडील गेल्यावर आईने पाच वर्षं स्वतः उसाला पाणी दिलं होतं.

"आई, तू दारं धरायचीस ना? एक सरी भरली की फावड्याने तिचं तोंड बुजवायचं आणि दुसरीचं फोडायचं."

"मंग? ते काय लय मोठं काम हाये?"

"माझ्या विहिरीला पाणी भरपूर आहे. मोटरही चालू आहे. पण दारं धरणारं माणूस मधेच उठून जातं. कधी जातं ते मला कळत नाही. पाणी ज्या सरीला लागलं तिथेच जात राहतं."

आईने भाकरी उलटली. "म्हंजे एक सरी फुटूस्तोवर भरती, अन् बाकीच्या कोरड्या."

"हो."

"अन् लोक म्हनतेत, पान्याचाच आळस हाये."

मी मान हलवली. पस्तीस वर्षांत मला हे इतकं नेमकं कुणी म्हटलं नव्हतं.

आई मात्र तिथे थांबली नाही. तिच्या डोक्यात आता शेत चालू झालं होतं. "दारं धरनारा झोपाळू असंल तर त्याला शिव्या देऊन भागत न्हाई. आमच्या वाट्याला एक गडी होता तसला. मी त्याला एकदम सगळं रान देतच नव्हते. चार सऱ्या द्यायच्या, खाली बांध घालायचा. झोपला तर झोपला, पानी बांधाच्या भायेर जात न्हाई. चार सऱ्यांचंच काय ते नुकसान."

"गड्याला काढून नाही टाकलंस?"

"का म्हनून? ऊस त्याच्यासारखा कोन लावीत होता? जेव आता. निवून राह्यलं."

जेवण झाल्यावर मी नोंदवही काढली. ऑगस्ट २००१ पासून एकतीस चुका. प्रत्येकीपुढे तारीख, वेळ, काम, आणि त्या आधीच्या दहा मिनिटांत काय घडलं. शेवटचा रकाना मी आजवर नीट मोजलाच नव्हता, कारण मला प्रत्येक वेळी चुकीचीच लाज वाटायची. तिच्या आधी काय झालं ते बघायची इच्छा नसायची. त्या दुपारी मोजलं. एकतीसपैकी सव्वीस चुका मला कामाच्या मधे कुणीतरी उठवल्यानंतर झाल्या होत्या. मग कुणी उठवलं तेही मोजलं. तो आकडा पाहून मी वही मिटली, चहा केला, आणि पुन्हा मोजला. तेवढाच आला.

खुलासा एका पानात बसला.

सोमवारी अकरा वाजता मी तो गयासोद्दीन सरांच्या टेबलावर ठेवला. ते सज्जन गृहस्थ होते, निवृत्तीला चार वर्षं राहिलेले, आणि प्रयोगशाळेत कुणावर कारवाई झाली की स्वतःवर झाल्यासारखे अस्वस्थ व्हायचे. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्यानेच वाचायला सुरुवात केली.

"'सदर प्रकार नजरचुकीने झालेला नाही.'" ते थांबले. "म्हंजे जाणूनबुजून केला?"

"पुढे वाचा, सर."

"'नजरचूक म्हणजे नजर तिथे होती आणि चुकली. माझी नजर तिथे नव्हती. मला एडीएचडी नावाचा विकार असल्याचे निदान झाले आहे. काम अर्धवट सोडून उठावे लागल्यास ते काम माझ्या मनातून पूर्ण पुसले जाते, आणि ते पुसले गेल्याचेही मला कळत नाही. हे पुन्हा होईल.'" त्यांनी चष्मा काढला. "बेबीनंदा मॅडम, हे काय लिहून राह्यल्या तुम्ही? पुन्हा होईल?"

"होईल, सर."

"असं तर सगळ्यांचंच होतं. मी कालच दुकानात छत्री विसरलो."

"ताप सगळ्यांनाच येतो, सर. पण रोज संध्याकाळी येत असेल तर आपण त्या माणसाला तपासायला नेतो. छत्री तुम्हाला घरी आल्यावर आठवली असेल."

"रस्त्यातच आठवली."

"मला ती दुसऱ्या दिवशी कुणीतरी हातात दिल्यावर आठवली असती."

ते चष्मा पुन्हा लावून पुढचं मनात वाचू लागले. मी उभीच होते. त्यांचं बोट तक्त्यावरून खाली सरकत गेलं आणि एका ओळीवर थांबलं. मला माहीत होतं कुठल्या ते.

"हे 'प्रमुखांची हाक, सतरा', हे काय आहे?"

"सव्वीस वेळा मला कामातून उठवलं गेलं. त्यातल्या सतरा वेळा तुम्ही हाक मारली होती."

बाहेर रामकिसनचा टाइपरायटर थांबला.

"म्हंजे कसूर माझा?" सरांचा आवाज चढला. "मी फोन आला म्हणून हाक मारतो. काय गप्पा मारायला बोलवतो का?"

"नाही, सर. दुसऱ्या कुणाला अशी हाक मारली तर काहीच बिघडत नाही. रजिया येते, बोलते, परत जाऊन जिथलं तिथे सुरू करते. म्हणून हा कसूर तुमचा नाही. पण मी हा आकडा गाळला असता तर तक्ता खोटा झाला असता."

"अन् हे मी हेड ऑफिसला पाठवायचं? माझ्या सहीनं?"

"हो."

त्यांनी कागद टेबलावर ठेवून त्यावर तळहात टेकवला. मग ते एकदम हसले, पण खुशीने नव्हे. "सतरा. तुम्ही मोजून राह्यल्या होत्या, अन् मला वाटायचं मॅडम नोट्स काढतात."

त्यांनी पुढचा भाग पुन्हा वाचला. त्यात मी चार गोष्टी मागितल्या होत्या. एका वेळी एकच लॉट कपाटाबाहेर निघेल; तो आत गेल्याशिवाय दुसरा निघणार नाही. मोजणी चालू असताना दारावर लाल पाटी लागेल आणि ती लागलेली असताना मला कुणीही उठवणार नाही, फोनचा निरोप कागदावर लिहून दाराच्या फटीतून टाकला जाईल. पाच वाजता रजिया टेबल पाहील. आणि त्या बदल्यात तिच्या शुद्धतेच्या शंभर नमुन्यांपैकी दहा मी फेरतपासीन, म्हणजे कुणी कुणावर उपकार करणार नाही.

"रजियाला विचारलं का?"

"विचारलंय. ती म्हणाली, पाटी ती स्वतःही वापरेल."

"हे सगळं ठीक आहे. मी शिफारस करतो. पण एक सांगतो, तुमच्या भल्यासाठीच. ते 'पुन्हा होईल' तेवढं काढा. वरचे लोक पुढचं काही वाचणार नाहीत. तीन शब्द वाचतील अन् तुमची बदली करतील."

"दोनच शब्द आहेत, सर."

"मॅडम!"

"ते काढलं तर खालच्या चार गोष्टी कशासाठी हव्यात? पुन्हा होणारच नसेल तर पाटी कशाला?" मी सावकाश बोलले. "हमी मी दोनदा दिली. दोन्ही वेळा ती खोटी ठरली. उगवण दोनदा नापास झालेल्या लॉटला आपण तिसऱ्यांदा पास लिहीत नाही. मला रजिस्टरवर बसवायचं असेल तर बसवू देत. पण हे वाचून बसवू देत."

सरांनी कागद उचलला, ती ओळ पुन्हा पाहिली आणि दाराकडे तोंड करून म्हणाले, "रामकिसन, कान टवकारून बसलाच आहेस तर आवक नंबर टाक याच्यावर."

रामकिसन आला. कागद घेताना त्याने पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि मान हलवली. "तेवीस वर्षांत असा खुलासा पाह्यला न्हाई," तो म्हणाला. "ह्याचा मसुदा मला ठिवता येनार न्हाई. दुसऱ्या कुनाला चालायचाच न्हाई."

हेड ऑफिसचं उत्तर आठ दिवसांनी आलं. हंगाम संपेपर्यंत सध्याच्या जागेवर ठेवावे, त्यानंतर कामगिरी पाहून निर्णय घ्यावा. विकाराबद्दल एक शब्द नव्हता. चार गोष्टींपैकी तीन मंजूर होत्या. फेरतपासणी मंजूर नव्हती. ती रजिया आणि मी तरीही करत राहिलो.

मंठ्याचे चौदा लॉट पुन्हा लावले. तेरा पास झाले, एक खरोखरच नापास होता. लाल पाटीची थट्टा आठवडाभर चालली. मच्छिंद्र दारावरून जाताना "गाडी रुकी है" असं ओरडायचा. मग त्यालाही कंटाळा आला. फटीतून आलेल्या निरोपांवर सरांचं अक्षर असायचं, वळणदार आणि जरा रागावलेलं.

बारा मार्चला ते पुन्हा झालं. मोजणी चालू असताना कपाटाचा पारा दोन अंश वर गेलेला दिसला. मी तो नोंदवायला वळले, मग मागच्या आठवड्याचे पारे पाहिले, मग त्यांचा आलेख काढायला बसले. आलेख सुंदर येत होता. पाच वाजता रजिया आत आली आणि तिने विचारलं, "मॅडम, हा एक बाहेर आहे. ठेवू?"

मी वळून पाहिलं. टेबलावर एकच लॉट होता, चार गुंडाळ्या. वरचा कागद जेमतेम सुकायला लागला होता. बाकीचे अकरा लॉट आत, ओले, जागच्या जागी.

रजियामागे सर उभे होते. त्यांनी टेबल पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"झालं?"

"झालं, सर."

"किती गेलं?"

"काहीच नाही गेलं. पाणी शिंपडून मोजते. एक कोंबही मेलेला नाही."

ते जरा पुढे आले. मग हळू आवाजात म्हणाले, "हेड ऑफिसला कळवायची काही गरज नाही. हंगाम संपायला दीड महिना आहे. कुणाला दिसलं नाही."

"कळवा, सर. मी लिहिलं होतं तेच झालं, आणि लिहिलं होतं तसंच थांबलं. हे त्यांना कळलं नाही तर हंगामानंतर ते कशावरून ठरवणार?"

"मंग तुम्हीच लिहा. या, आत्ताच लिहू."

ते कार्यालयाकडे वळले आणि मी येतेय असं समजून दोन पावलं चाललेही. मी गुंडाळी हातात घेतली होती.

"आधी हा लॉट संपवते," मी म्हणाले, आणि दार लावून घेतलं.